काळ्या रानाच्या भेगा आणि ध्रुवाकडची गोठलेली माती

दुधनाकाठची
नमस्कार मंडळी. परवा बाबांसोबत रानात गेले होते. हरभरा निघून दोन महिने झाले, रान उघडं पडलंय आणि भेगा अशा की हातातली तुराटी सहज सोडली तर अडीच फूट आत गेली. त्याच रानाच्या कडेला शेततळ्यासाठी जेसीबीनं खड्डा घेतलाय. मी त्यात उतरून उभी भिंत बघत होते. दोन-अडीच फुटांखाली मातीच्या ढेपा तिरप्या बसलेल्या, आणि एक ढेप हातानं ओढून काढली तर तिची बाजू चकचकीत. कुणी ओल्या तळव्यानं सारवल्यासारखी, वर बारीक रेघा. तीन फुटांवर खताच्या पोत्याचा निळा धागा आणि हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. आमची नांगरट नऊ इंचांच्या खाली कधी गेलेली नाही. मग हे तिथं नेलं कुणी?

मातीनंच नेलं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात भेग पडते, वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, बांगडीचे तुकडे तिच्यात ओघळतात. पावसाळ्यात खालची माती फुगायला लागते, पण तिची जागा वरून पडलेल्या मातीनं आधीच अडवलेली असते. मग ढेपा एकमेकींवर तिरप्या घासत वर सरकतात. ती चकाकी त्या घासण्याची. वर्षानुवर्षं हे चालतं आणि रान स्वतःलाच खालीवर करत राहतं. म्हणून शास्त्रात या मातीचं नाव व्हर्टिसॉल. लॅटिनमध्ये ‘उलटवणे’ या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून ते आलंय.

हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. हा चर्चेचा धागा काढायचं कारण वेगळं आहे. परभणीला एमएस्सीला असताना मी ध्रुवाकडच्या मातीच्या छेदाचं एक चित्र बघितलं होतं. त्यात काळे पट्टे वेडेवाकडे वळलेले, वरची काळी माती जिभेसारखी खाली उतरलेली, मधूनच एखादा दगड उभा. मला वाटलं, ही तर आपलीच माती. खाली नाव वाचलं तर ‘टर्बेल’, म्हणजे घुसळलेली. आपल्याकडं ऊन आणि पाऊस जे करतात, ते तिकडं गोठणं आणि वितळणं करतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जमेल तसं लिहिते. शंका जरूर विचारा.

मानवतचे बापू
ताई, बांगडीचं लै खरं लिहिलंस. आमच्या विहिरीच्या खोदकामात असंच खापर निघालं होतं, अन् गडी म्हणले इथं आधी वस्ती असल. पण मला सांग माय, ध्रुवावर तर नुसता बर्फ. तिथं माती कामून असंल?

दुधनाकाठची
बापू, प्रश्न अगदी बरोबर आहे. अंटार्क्टिकाचा अर्धा टक्कासुद्धा भाग बर्फाबाहेर नाही. पण उत्तरेकडं चित्र उलटं. सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, नॉर्वेची स्वालबार्ड बेटं, ग्रीनलंडचे किनारे इथं मैलोन्‌मैल जमीन उन्हाळ्यात उघडी असते. शेवाळ, दगडफूल, वीतभर झुडपं उगवतात. जगातल्या बर्फाबाहेरच्या जमिनीपैकी सुमारे नऊ टक्के भाग अशा गोठलेल्या मातीचा आहे. आपली भेगाळणारी काळी माती जगात अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिकडची माती आपल्या काळीपेक्षा कितीतरी जास्त पसरलेली आहे.

आता रचना बघा. वर एक थर असतो जो उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. कुठं वीत-दीड वीत, कुठं मीटरभर, कुठं त्याहून जास्त. त्याला सक्रिय थर म्हणतात. त्याखाली कायम गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट. बऱ्याच जणांचा समज असतो की पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ. तसं नाही. जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंश किंवा त्याखाली राहिली ती पर्माफ्रॉस्ट. कोरडा खडक असला तरी चालतो, त्यात थेंबभर पाणी नसलं तरी चालतं. सगळा हिशेब तापमानाचा.

आणि खालचा थर ओला होऊन गोठलेला असेल तर पाणी खाली जायला वाटच नाही. पाऊस मराठवाड्याहून कमी, तरी उन्हाळ्यात रान चिबड. आपल्याकडं कालव्याखालच्या चिबड जमिनीत खोदलं की निळसर करडी माती आणि मध्ये गंजाचे ठिपके दिसतात ना, हवा न मिळाल्यानं लोहाचा रंग बदलतो म्हणून? तिकडं ते रंग मोठमोठ्या पट्ट्यांत दिसतात. वाफसा असा येतच नाही.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. सायबेरियात याकुत्स्क नावाचं शहर आहे. तिथं शेर्गिन नावाच्या माणसानं विहिरीसाठी खड्डा घ्यायला लावला. १८२८ ते १८३७ खोदकाम चाललं, सुमारे ११६ मीटर खोल गेले, म्हणजे आपले तीनशे ऐंशी फूट, तेही हातानं. पाणी लागलं नाही आणि गोठलेली जमीनही संपली नाही. पुढं मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं त्याच खड्ड्यात खोलीगणिक तापमान मोजलं, आणि जमीन इतकी खोल गोठलेली असते हे युरोपातल्या लोकांना पटलं.

मानवतचे बापू
तीनशे ऐंशी फूट खोदून कोरडी. त्या माणसाचं दुःख मला कळतंय.

शाळामास्तर गेवराई
ताई, सुंदर धागा. एक विचारतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं हे आम्ही आठवीला शिकवतो. बाटली फुटते ती त्यामुळं. मग ध्रुवाकडची माती वर उचलली जाते, दगड वर येतात, तेही याच कारणानं ना?

दुधनाकाठची
सर, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मातीतलं सगळं पाणी गोठून नऊ टक्के फुगलं, तरी जमीन बोटभर उचलेल. प्रत्यक्षात ती वीतभर, कधी त्याहून जास्त उचलली जाते. अमेरिकेतल्या स्टीफन टेबर या भूशास्त्रज्ञानं १९२९-३० च्या सुमारास यावर फार सुरेख प्रयोग केला. त्यानं पाण्याऐवजी बेंझीननं भिजवलेली माती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे फुगणं हे मुख्य कारण नव्हेच.

खरं कारण असं की गोठणाऱ्या थराकडं खालचं न गोठलेलं पाणी ओढलं जातं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. तिथं पोचून ते गोठतं आणि मातीत शुद्ध बर्फाची चकती तयार होते, मग तिच्याखाली दुसरी, तिसरी. या चकत्या माती उचलतात. अगदी बारीक चिकणमातीत पाणी हळू चालतं, वाळूत वात लागत नाही. दोन्हींच्या मधला पोयटा, गाळ, यात हे सगळ्यात जोरात होतं.

घरी करून बघण्यासारखं आहे. तलावातला गाळ स्टीलच्या पेल्यात ओला भरा, बाजूनं आणि खालून थर्माकोल लावा, वरचं तोंड उघडं ठेवा आणि फ्रिजरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून शिरली पाहिजे, हे महत्त्वाचं.

शाळामास्तर गेवराई
केलं. पाझर तलावातला गाळ आणला, मुलांना सुट्टी असली तरी चौघं-पाचजण आली. तीन दिवस ठेवलं. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, फक्त वरून टणक. तिसऱ्या दिवशी पेला गरम पाण्यात क्षणभर बुडवून गोळा बाहेर काढला आणि हातोडीनं हळूच उभा फोडला. आत करड्या मातीत पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, कागदाच्या कडेसारख्या, वर दाट आणि खाली विरळ. एका मुलीनं नखानं एक रेघ उचकटली तर बर्फाचा पातळ पापुद्रा सुटून हातात आला, काचेसारखा स्वच्छ. मातीचा कणही त्यात नव्हता. गाळाची वरची पातळी पेल्याच्या काठाहून करंगळीच्या पेराइतकी वर आली होती.

गोळा वितळल्यावर तोच गाळ कण्याकण्याचा, पापुद्र्यांचा झाला होता. मुलांनी वर्गाच्या खिडकीत ठेवलाय.

दुधनाकाठची
सर, हे वाचून फार आनंद झाला. ते पापुद्रे म्हणजे तिकडच्या मातीची खरी ओळख आहे. कायम गोठलेल्या थराच्या वरच्या अंगाला अशीच पापुद्र्यांची घडण सापडते. पृथक्करण न करता, नुसत्या हातात धरलेल्या ढेपेवरून माती ओळखतात ती यामुळंच.

तुळजापूरची ट्रोम्सोत
मी नॉर्वेत असते आणि दोन वर्षांपूर्वी स्वालबार्डला लाँगइयरब्येनला जाऊन आले, म्हणून लिहायला धीर झाला. गावाबाहेर जायचं तर बंदूकवाला वाटाड्या लागतो, अस्वलांच्या भीतीनं. अ‍ॅडव्हेंटडालेन नावाच्या खोऱ्यात त्यानं आम्हाला नेलं. टेकडीवरून खाली बघितलं आणि मी थक्क झाले. सगळी जमीन पंचकोनी-षटकोनी तुकड्यांत चिरलेली, एकेक तुकडा आपल्या अंगणाएवढा. माझ्या तोंडून निघालं, “हे तर आमचं तळ आटल्यावरचं!” पण तुकडे इतके मोठे, आणि कडांना चर. ते कशानं होतं ताई?

आणखी एक. तिथंच डोंगरात ती बियाण्यांची तिजोरी आहे, जगभरातलं बियाणं गोठवून जपणारी. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं आपली ज्वारी, तूर, हरभरा यांचं बियाणं तिथं ठेवलंय. माझे आजोबा शाळू पेरायचे. त्या दारासमोर उभी राहिले तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

दुधनाकाठची
तुमचा अनुभव आणि प्रश्न दोन्ही मोलाचे. आपल्या तळ्याच्या भेगा पाणी आटल्यानं पडतात, तिकडच्या थंडीनं. कडाक्याच्या हिवाळ्यात तापमान झपकन उतरलं की गोठलेली जमीन आकसते आणि तडकते. भेग अरुंद, कधी जेमतेम सुतळी जाईल एवढी, पण काही मीटर खोल. वसंतात बर्फाचं पाणी तिच्यात उतरतं आणि खालच्या थंडीनं तिथंच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा त्याच जागी तडकते, कारण तीच कच्ची जागा. दरवर्षी एखाददोन मिलिमीटर बर्फ वाढतो. हजारो वर्षांत मातीत पाचरीसारखी बर्फाची भिंत तयार होते, कधी काही मीटर रुंद. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर राहून लेफिंगवेल या भूशास्त्रज्ञानं १९१५ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं.

मला यातला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. आपली भेग मातीनं भरते आणि पावसात मिटते. तिकडची भेग पाण्यानं भरते, म्हणून ती कधी मिटत नाही, रुंदावतच जाते.

स्वालबार्डलाच न्यू-ओलेसुंड या वस्तीजवळ दगडांची वर्तुळंही आहेत. कुणी हौसेनं मांडावीत तशी गोल, मध्ये बारीक माती, कडेला दगडांचा बांध, चार-पाच पावलं रुंद. गोठण्या-वितळण्यात दगड आणि बारीक माती आपोआप वेगळी होतात. २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र त्याच न्यू-ओलेसुंडला आहे.

एक कृषी पदवीधर
ताई, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलोय. आमच्या जुन्या नोट्समध्ये मातीचे अकरा गट आहेत, नव्या पुस्तकात बारा. अन् गोठलेल्या मातीला कुठं जेलिसॉल लिहिलंय, कुठं क्रायोसॉल. दोन्ही एकच का?

दुधनाकाठची
जवळजवळ एकच, पण वर्गीकरणं वेगळी. अमेरिकी पद्धत १९७५ ला छापली गेली तेव्हा तिच्यात दहा गट होते. नंतर ज्वालामुखीच्या राखेतल्या मातीचा अकरावा आला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस बारावा, जेलिसॉल. ‘गोठणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. क्रायोसॉल हे जागतिक संदर्भ वर्गीकरणातलं नाव, तेही १९९८ चं. कॅनडानं मात्र १९७० च्या दशकातच गोठलेल्या मातीला स्वतंत्र गट दिला होता, कारण त्यांच्या घरचाच प्रश्न होता.

त्याआधी अमेरिकी पद्धतीत ही माती इकडंतिकडं विखुरलेली होती. थोडी ‘अविकसित’ गटात, थोडी ‘नुकती विकसित होणारी’ यात, थोडी दलदलीच्या मातीत. कारण मातीचं वय ठरवायची सवय अशी की थर एकाखाली एक नीट लागले म्हणजे माती पिकली, नाही लागले म्हणजे कच्ची. पण जी माती दरवर्षी घुसळली जाते तिच्यात थर नीट लागणार कसे? ती कच्ची नाही, तिची रीतच ती आहे. ही गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षं लागली याची मला खंत वाटते. काळ्या मातीतही थर ठळक नसतात, तरी तिला कुणी कच्ची म्हणालं नाही.

आता कसोटी लक्षात ठेव. पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत पर्माफ्रॉस्ट असेल तर जेलिसॉल. किंवा १०० च्या आत घुसळल्याच्या, बर्फाच्या चकत्यांच्या खुणा असतील आणि पर्माफ्रॉस्ट २०० च्या आत असेल तरीही जेलिसॉल. पुढं उपगट तीन. सेंद्रिय, कुजकट थरांची ती हिस्टेल, घुसळलेली ती टर्बेल, बाकीची ऑर्थेल. मातीचा गट ओळखायच्या प्रश्नांच्या यादीत, म्हणजे किल्लीमध्ये, बाकी सगळ्या मातींच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारतात, खाली गोठलेलं आहे का? रंग, पोत, चुनखडी हे नंतर.

औसेकर
मी बांधकामातला माणूस. काळ्या रानात घर बांधायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला आडवीतिडवी चीर ठरलेली. माझ्याच हातून सुरुवातीला एका कुंपणभिंतीचं असं झालं, चार वर्षांत ती नागमोडी झाली. ताईंनी याकुत्स्कचं लिहिलं म्हणून सांगतो, तिथल्या इमारती खांबांवर उभ्या असतात आणि खाली मोकळी हवा खेळती ठेवतात. कारण घराची ऊब जमिनीत उतरली तर गोठलेलं वितळतं आणि घर खचतं. आपण पाया पाण्यापासून जपतो, ते उबेपासून जपतात. आपल्याकडं रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले, तेही मातीच्या हालचालीच्या खाली जाऊन घट्ट धरायलाच.

मानवतचे बापू
मी सगळं वाचायलोय, नातू वाचून दाखवतो. एक विचारतो. आता म्हणतात तिकडचं वितळायलंय. मग ते लाखो एकर रान मोकळं होईल, काळंभोर. पेरता नाही का येणार?

दुधनाकाठची
बापू, काळंभोर दिसतं म्हणून आशा वाटते. पण आपल्याच रानाचं बघा. काळी आहे म्हणून सेंद्रिय पदार्थ भरपूर असं नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर येतो. आपल्या उन्हात सगळं झपाट्यानं कुजून हवेत जातं. तिकडं मात्र झाड मेलं तरी कुजत नाही. थंडी, चिखल, हवेचा अभाव. आणि घुसळण त्या न कुजलेल्या मुळ्या खाली, पार गोठलेल्या थरापर्यंत ढकलते. तिथं ते हजारो वर्षं तसंच राहतं. उत्तरेच्या या पट्ट्यात साठलेला कर्ब साधारण १,४०० ते १,६०० अब्ज टन धरतात, आज वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट.

ते वितळलं की सूक्ष्मजीव कामाला लागतात. हवा असेल तिथं कार्बन डायऑक्साइड, पाण्याखाली मिथेन. शिवाय आत बर्फाच्या पाचरी असतात, त्या विरघळल्या की वरची जमीन खचते. खड्डे, डबकी, कडे कोसळणं. सायबेरियात बाटागाय इथं अशीच एक प्रचंड दरड वर्षानुवर्षं वाढत चाललीये. सपाट रान मिळण्याऐवजी ओबडधोबड पाणथळ उरते. आणि त्या बियाण्यांच्या तिजोरीच्या तोंडाच्या बोगद्यातही ऑक्टोबर २०१६ मध्ये अवेळी ऊब आणि पावसानं पाणी शिरलं होतं. बियाणं सुरक्षित राहिलं, नंतर बोगदा पक्का केला. पण गोठलेल्या डोंगराच्या भरवशावर बांधलेल्या जागेची ही गत, हे वाचून मला झोप लागली नव्हती.

उदगीरकर
वर अंटार्क्टिकाचं एका वाक्यात झालं. तिथल्या मातीबद्दल थोडं सांगाल का?

दुधनाकाठची
नक्की. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या म्हणून भाग आहे. वर्षाला पाण्याच्या हिशेबानं १०० मिलिमीटरपेक्षाही कमी बर्फ पडतो, त्यातला बराच वारा उडवून नेतो. पाणी निचरून जातच नाही, म्हणून मातीत क्षार साठत राहतात. आपल्या खारवट-चोपण रानात पांढरी फूट येते तशी, पण गोठलेल्या वाळवंटात. काही पृष्ठभाग लाखो वर्षं जुने. झाड-झुडूप नाही, ह्यूमस म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश नाही. म्हणून एकेकाळी वाद होता की याला माती म्हणायचं की नाही.

आणि याच्या उलट, किनाऱ्यावर जिथं पेंग्विन वस्ती करतात तिथली माती विष्ठेमुळं स्फुरदानं भरलेली. पेंग्विन सोडून गेल्यावर हजारो वर्षांनीही मातीतल्या स्फुरदावरून जुनी वस्ती ओळखता येते.

हे वाचलं तेव्हा मला आपली पांढरी आठवली. जुन्या गावठाणाचं टेकाड, राख-शेण-हाडांची माती. आमच्या आजीच्या काळात गाड्या भरून पांढरीची माती रानात टाकायचे. तेरला, पैठणला जुनी नगरं अशाच टेकाडांखाली निघाली. शेतकऱ्यांनी गावाचे दोन भाग केले, काळी आणि पांढरी, पिकाची आणि माणसांची. माणूस असो की पेंग्विन, राहून गेल्याची खूण मातीत तशीच राहते.

मानवतचे बापू
काल संध्याकाळी पहिला पाऊस झाला. अर्धा तास, पण दणकून. सकाळी नातवाला घेऊन रानात गेलो. आदल्या दिवशी ज्या मोठ्या भेगेत काठी उभी करून ठेवली होती तिथं गेलो. भेग मिटली नव्हती अजून, कडा मऊ होऊन आत ढासळल्या होत्या, अन् पाणी सगळं आत गेलेलं, वर थेंब नाही. काठी हातभर खाली उतरलेली. नातवानं विचारलं, आजोबा, माती खाली जायली का? म्हणलं हो, ढासळलेली खाली चालली, अन् तिच्या जागची पुढच्या वर्षी वर येईल.

बांधाच्या कोपऱ्यात टिकावानं कमरेएवढं खोदलं. अडीच हातावर चकचकीत ढेप लागली, ताईनं लिहिली तशीच, रेघांसकट. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय. मास्तर, शाळा उघडली की नातवाच्या हातानं पाठवून देतो, तुमच्या गाळाच्या शेजारी ठेवा.

शाळामास्तर गेवराई
जरूर पाठवा बापू. फडकं ओलं राहू द्या, वाळली तर तडकेल.